एकच एक्स-रे जात नव्हता

आधीच सांगते, मी या सदरातल्या गोष्टी वाचते त्या जेवताना, करमणूक म्हणून. पायवाटेवरची बाई, विहिरीतला आवाज, मागे बसलेलं कोणीतरी... वाचायचं, हसायचं, ताट उचलायचं. माझा धंदाच असा आहे की त्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. कॉम्प्युटर बंद पडला तर वायर निघालेली असते, वायर नसेल तर सेटिंग चुकलेलं असतं, तेही नसेल तर समोरचा माणूस खोटं बोलत असतो. अठरा वर्षं हेच करतेय. त्यामुळे खालचं लिहिताना मलाच माझा राग येतोय. पण झालं ते झालं.

गाव मालेगाव. नाशिकवालं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं, जहांगीरचं मालेगाव. वाशिम रोडला एका डॉक्टरांचं एक्स-रे आणि सोनोग्राफीचं सेंटर आहे. डॉक्टर साठीचे, हुशार, रागीट. नाव देत नाही. त्यांचा एक जुना पीसी होता, सगळ्या पेशंटचे एक्स-रे त्यात. तो दोनदा मरता मरता वाचला, तेव्हा डॉक्टर घाबरले आणि मला बोलावलं.

"क्लाउडवर ठेवू का?" मी विचारलं.

"ताई, रस्त्याचं काम सुरू आहे. आठवड्यातून तीनदा जेसीबी केबल तोडतो. पेशंटला काय सांगू, तुमचा खांदा ढगात अडकला म्हणून? माझ्याच घरात काहीतरी मजबूत बसवून द्या."

म्हणून ठरलं की तीन जुने पण चांगले सर्व्हर घ्यायचे आणि त्यांचा क्लस्टर करायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — तीन मशिनी एकमेकींचा हात धरून उभ्या राहतात. प्रत्येक फाइलची एकेक प्रत तिघींकडे. एक पडली तरी बाकीच्या दोघी काम सांभाळतात, पेशंटला कळतही नाही. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डोकं मात्र आपलं जातं.

जागा दिली मागची खोली. फिल्म धुवायच्या जमान्यात ती डार्करूम होती. भिंतीला अजून सिंक आहे, छताला लाल बल्बचा होल्डर. सोबतीला गजाननभाऊ, तिथले एक्स-रे टेक्निशियन, पंचवीस वर्षांपासून तिथेच. फेब्रुवारीचा महिना होता, हरभरा सोंगणीचे दिवस, त्यामुळे सेंटरवर कंबर धरून येणाऱ्यांची रांग.

सोमवारी कामाला लागले. पहिला सर्व्हर अर्ध्या तासात तयार. दुसराही. तिसरा... इन्स्टॉल सुरू केलं की काळा पडदा. पेन ड्राइव्ह बदलला, काळा. दुसऱ्या पोर्टला लावला, काळा. दुपारपर्यंत माझं डोकं तापलं.

गजाननभाऊ दारात उभे राहून पाहत होते. "म्याडम, नारळ फोडला नाई ना तुमी."

"भाऊ, नारळानं सर्व्हर सुधारत नसतो."

"मंग कायनं सुधारते?"

"शांततेनं," मी म्हटलं. ते गेले, पण हसत गेले.

तर त्या काळ्या पडद्याचं कारण सापडलं. त्याचं डिस्प्ले कार्ड जुनं होतं, सुरुवातीच्या ओळीत एक शब्द टाकला की झालं. मग डिस्का दिसेनात. आतलं एक कार्ड सगळ्या डिस्का स्वतःच्या पोटात लपवून एकच दाखवत होतं. त्याचा मोड बदलला, दिसल्या. मग तिसरी मशीन बाकी दोघींत मिसळेना, कारण तिचं घड्याळ सात मिनिटं मागे पडायचं. आतला गोल सेल मेला होता. जनरल स्टोअरमधून नवा आणला, घातला, मिसळली. हे सगळं कंटाळवाणं आहे मला माहीत आहे. पण सांगते यासाठी, की या प्रत्येक भानगडीला कारण होतं, आणि ते मी शोधलं होतं. बुधवारी सकाळी क्लस्टर हिरवागार. मी स्वतःची पाठ थोपटली आणि जुन्या पीसीतले एक्स-रे नव्यात ओतायला सुरुवात केली.

हजारो एक्स-रे. सुरळीत चालले होते. आणि अकराच्या सुमारास सगळं गोठलं.

गोठलं म्हणजे तिन्ही सर्व्हरचं स्टोरेज एकदम. ना एरर, ना बीप. बाण नुसता गोल गोल फिरतोय. मी सगळं रीस्टार्ट केलं, कॉपी पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी गोठलं. तिसऱ्यांदा मी जुन्या पीसीचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडून बसले आणि पाहिलं की दरवेळी थांबतं ते एकाच फाइलवर. रीतसर नंबर असलेला, साधा, उजव्या खांद्याचा एक्स-रे. अकरा महिन्यांपूर्वीचा.

हात्तिच्या, मी म्हटलं. जुनी डिस्क, एक जागा खराब झाली असेल. डिस्क तपासली — स्वच्छ. ती फाइल पाचदा वाचून पाहिली, पाचही वेळा अक्षर न् अक्षर तीच. फाइल ठणठणीत होती. ती यादीतून वगळली आणि बाकीचं लावलं. तासाभरात बाकीचं सगळं गेलं. राहिली ही एकच.

गुरुवारचा अख्खा दिवस मी त्या एका खांद्यावर घालवला. केबल बदलली. स्विच बदलला. एकेक सर्व्हर बाजूला काढून उरलेल्या दोघींवर पाठवून पाहिली. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, माझ्या लॅपटॉपवर छान उघडली, पेन ड्राइव्हवरून टाकली — गोठलं. नाव बदललं — गोठलं. तेवढ्याच आकाराची दुसरी फाइल बनवून टाकली — डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली!

शेवटी नागपूरच्या मैत्रिणीला फोन लावला. ती असली कामं मोठ्या प्रमाणावर करते. ती म्हणाली, "असं होतं गं कधी कधी. फाइलच्या आतली अक्षरांची एखादी विशिष्ट रांग नेटवर्क कार्डाला झेपत नाही. तू पासवर्ड लावून झिप कर आणि टाक."

पासवर्ड लावून झिप केलं की आतला मजकूर पूर्ण वेगळा होतो. कॉम्प्युटरला ती तीच फाइल आहे हे ओळखताच येत नाही. म्हणजे ही युक्ती चाललीच पाहिजे होती. मी झिप केलं, पासवर्ड लावला, नाव ठेवलं 'काहीतरी'. टाकलं.

गोठलं.

"शक्य नाही," मैत्रीण म्हणाली. "मला कनेक्शन दे." दिलं. तिनं तिच्याकडून, वेगळा पासवर्ड लावून टाकलं. मला इथून दिसत होतं, तिन्ही सर्व्हर एकदम गप्प. तिनंही ते तिकडून पाहिलं. मग म्हणाली, "एक एक्स-रे आहे ना? सोडून दे. आणि घरी जा."

पण सोडून देता येत नव्हतं, हीच तर खरी गोम. शुक्रवारपासून नवे एक्स-रे क्लस्टरवर साठायला लागले होते. जुना पीसी मशीनला जोडलेला असल्यामुळे काढता येत नव्हता, आणि त्यातलं सॉफ्टवेअर इतकं जुनं की राहिलेली फाइल दर अर्ध्या तासानं ते आपणहून पाठवायचं. ते बंद करायचं बटणच नव्हतं. अर्धा तास झाला की सगळं गोठायचं. मग मी रीस्टार्ट करायचं, तोवर बाहेर बाकावर लोक बसलेले. एक म्हातारे बाबा तर दोनदा मशीनखाली झोपून उठले.

"अवो, मायं हाड हाय का नाई अंदर?" त्यांनी विचारलं.

गजाननभाऊ म्हणाले, "हाड हाय बाबा, कंप्युटर नाई."

दुपारी डॉक्टर तरातरा मागच्या खोलीत आले. "ताई, एका एक्स-रेसाठी माझी माणसं किती वेळ बसवून ठेवणार तुम्ही?"

"सर, फाइल डिलीट करावी लागेल. दुसरा उपाय नाही. पण रेकॉर्ड आहे, तुमच्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही."

"कोणाचा आहे? दाखवा."

मी जुन्या पीसीवर उघडला. बाईंचं नाव आपण शेवंताबाई म्हणू. वय बावन्न, गाव रिठद. खाली डॉक्टरांचाच रिपोर्ट — पडल्यामुळे खांद्याला मार, फ्रॅक्चर नाही. डॉक्टरांनी दोन सेकंद पाहिलं.

"खांदा. नॉर्मल आहे. वर्ष होत आलं. काढून टाका."

मी डिलीट दाबलं. पीसीनं विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं... आणि तो पीसी अडकला. त्यात नवल काही नाही, तो दिवसातून चारदा अडकायचा. स्क्रीनवर एक्स-रे तसाच राहिला आणि मधोमध ती खिडकी. डॉक्टर बाहेर जायला वळले होते, पण दारात गजाननभाऊ पेशंटची खुर्ची आत घेत होते, वाट बंद. म्हणून डॉक्टर चरफडत तिथेच उभे राहिले. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून स्क्रीनकडे बघत.

मग ते खाली वाकले.

"थांबा," ते म्हणाले. "हात काढा माउसवरून."

मी हात काढला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक स्क्रीनला टेकेल इतके जवळ गेले. बोट ठेवलं ते खांद्यावर नाही, त्याच्या आतल्या बाजूला, जिथे छातीचा वरचा कोपरा फोटोत आलेला असतो. मला तिथे नुसता धुरकट डाग दिसत होता, काचेवर फुंकर मारल्यासारखा.

"काय आहे सर?"

ते स्टुलावर बसले. साठीच्या माणसाचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

"फुप्फुसाचं टोक आहे हे. अकरा महिन्यांपूर्वी हा डाग इथेच होता. आणि मी हाड पाहत होतो."

गजाननभाऊंनी खुर्ची खाली ठेवली. ती खिडकी आपोआप गेली, डिलीट काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी कागद ओढला आणि रेकॉर्डमधला मोबाइल नंबर स्वतः लावला. स्पीकरवर.

उचलला तो शेवंताबाईंच्या मुलीनं. ती मालेगावातच दिलेली. आई तिच्याकडे आलेली असताना मोटारसायकलवरून पडली होती, म्हणून एक्स-रे या सेंटरवर निघाला होता.

"आई कशी आहे तुमची?" डॉक्टरांनी विचारलं.

"आई? आई रिठदले हाय. काहून, काय झालं?"

"खोकला वगैरे आहे का?"

"खोकला तं लय दिवसाचा हाय साहेब. तिथं एका जागी औषध घेऊन राह्यली, ॲलर्जी सांगतली तिले. पाल्याभाजीची धूळ जाते मने नाकात. वाळून गेली पार. पण तुमाले कोनं सांगतलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर्व्हरकडे पाहिलं.

"घरात लहान कोणी आहे?"

"भावाची पोरगी हाय ना, आठ महिन्याची. आईजवळच झोपते."

"सोमवारी सकाळी आईला घेऊन या," डॉक्टर म्हणाले. "नाही आलात तर मी रिठदला येईन."

शनिवार-रविवार मी तो पीसी नेटवर्कवरून तोडून ठेवला. घरी नवरा म्हणाला, तुझा चेहरा का असा? मी सांगितलं. तो म्हणाला, योगायोग. मीही म्हटलं, योगायोगच. नाहीतर काय म्हणणार?

सोमवारी दहाच्या एसटीनं मायलेकी आल्या. शेवंताबाई लहानखुऱ्या, हिरवं लुगडं, हातांच्या रेषांत मातीचा काळपटपणा मुरलेला. रिठदला विहिरीच्या कडेनं पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि रिसोडच्या बाजारात विकतात. बोलताना दर चार शब्दांनी खोकत होत्या. गजाननभाऊंनी छातीचा फोटो काढला. डाग आता अंधुक नव्हता. मलाही दिसला.

थुंकी तपासायला सरकारी दवाखान्यात पाठवलं, दोन दिवसांत कळलं. टीबी. पण हे पुढचं. त्या सकाळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि जे केलं ते मी फार थोड्या डॉक्टरांना करताना पाहिलंय.

"माय," ते म्हणाले, "हे मागच्या वर्षीच फोटोत होतं. माझ्याकडून सुटलं."

मुलीचा चेहरा बदलला. ती काहीतरी बोलणार होती. शेवंताबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला.

"म्या खांद्यासाठीच आलती ना बाप्पा. तुमी खांदाच पायसान." मग खोकला थांबेपर्यंत थांबल्या. "नातीले तं काही नाई झालं ना? तेवढं पाहा. माया पदरालेच लागेल असते ते."

"तिलाही आणा. तिचीही तपासणी करू."

मी मागच्या खोलीत गेले. खरं सांगते, डोळे पुसायला गेले होते. पण सर्व्हरसमोर उभी राहिले की हात स्वस्थ बसत नाहीत. पीसी अजून तुटलेलाच होता, म्हणून शेवंताबाईंचा नवा फोटो पेन ड्राइव्हवरून क्लस्टरवर टाकला होता; तो नीट साठलाय का ते पाहिलं. साठला होता. मग वाटलं, पेशंट कमी आहेत, त्या मेल्या फाइलला एकदा शेवटचा धक्का देऊ. गोठलं तर गोठलं. पीसी जोडला. पाठव म्हटलं.

गेली.

एका क्षणात. जणू कधी काही झालंच नव्हतं. मी तिन्ही सर्व्हर पाहिले, तिन्हींवर प्रत. काढून टाकली, पुन्हा पाठवली — गेली. पेन ड्राइव्हवरची — गेली. झिप केलेली, पासवर्डवाली, 'काहीतरी' नावाची — तीही गेली! दहा वेळा केलं. दहाही वेळा गेली. पीसी तोडणं-जोडणं सोडलं तर शुक्रवार संध्याकाळपासून मी एक सेटिंग बदललं नव्हतं. एक स्क्रू फिरवला नव्हता. सर्व्हर बंदसुद्धा झाले नव्हते.

लोकांना वाटतं अशा वेळी अंगावर काटा येतो. माझ्या नाही आला. मला संताप आला. ज्यांनी हे काम केलंय त्यांना कळेल — आपोआप बिघडलेलं परवडतं, आपोआप सुधारलेलं नाही. त्या सिंकजवळ उभी राहून मी सर्व्हरला म्हटलं, "अगं मग काय हवं होतं तुला?" मोठ्यानं म्हटलं. गजाननभाऊंनी ऐकलं. या वेळी ते हसले नाहीत. "म्याडम, चहा घ्या," एवढंच म्हणाले.

सहा महिने शेवंताबाईंची औषधं चालली. एकही दिवस चुकवला नाही त्यांनी. नातीला लागण झालेली नव्हती, तरी डॉक्टरांनी सांगून तिला खबरदारी म्हणून बचावाच्या गोळ्या सुरू करायला लावल्या. डॉक्टर आता दुपारी जेवण झालं की जुने खांद्याचे एक्स-रे उघडून बसतात. एकेक. अजून तसं दुसरं काही सापडलेलं नाही.

पोळ्याच्या आधी रिसोडला एका कामाला गेले होते, वाटेत रिठदला थांबले. शेवंताबाई मेथीत बसल्या होत्या. अंग भरलं होतं. नात बांधावर चादरीवर, माती खात. मला पाहून त्यांनी हात झटकले.

"तुमीच ना त्या कंप्युटरवाल्या? पोरगी सांगत होती. मले एक सांगा, एवढ्या मोठ्या ढिगातून मायाच फोटो काहून काढला तुमी?"

"मी नाही काढला, मावशी. तो जातच नव्हता."

"म्हणजे?"

मी सांगितलं. सर्व्हर, झिप, पासवर्ड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं आता देवाचं नाव घेतील, अंगारा देतील, काहीतरी म्हणतील ज्यावर मी मनातल्या मनात हसू शकेन. त्या तसं काहीच म्हणाल्या नाहीत. नातीच्या तोंडातून बोटानं माती काढत म्हणाल्या, "मंग तुमाले बी ठाऊक नाई." एवढंच. माझ्यासारखीच त्यांचीही पंचाईत झाल्यासारखं.

या सॉफ्टवेअरचा एक फोरम आहे, जगभरची मंडळी तिथे अडचणी टाकतात. मी तिन्ही सर्व्हरचे सगळे लॉग जोडून तिथे लिहिलं होतं. पेशंटचं काही नाही, फक्त तांत्रिक बाजू. चांगल्या जाणत्या लोकांनी उत्तरं दिली. एकानं लॉग ओळ न् ओळ तपासले आणि लिहिलं की ज्या वेळी गोठलं असं तुम्ही म्हणता, त्या वेळी लॉगमध्ये कुठलीच चूक नाही, कॉपी सुरू झाल्याचीच नोंद नाही. पुन्हा घडवून दाखवता येईल का? मी लिहिलं, नाही. आता ती फाइल बिनबोभाट जाते.

काही दिवसांनी तिथून निरोप आला की अडचण मिटली असेल तर विषय बंद करा. बंद करायला दोन गोष्टी लागतात. 'सुटलं' या चौकोनात खूण, आणि खाली कारण. खूण मी करून ठेवली आहे. कारणाचा रकाना भरल्याशिवाय ते पान सेव्ह होत नाही, म्हणून विषय अजून उघडाच आहे.